हद्द कायम

सीटीचा काळा कागद उजेडाला धरून
भंडाऱ्याचा डॉक्टर म्हणाला, हे बघा,
डाव्या कानाच्या वर, थोडं पुढं.
एकतीस वर्षं भूमापन खात्यात काढली मी,
नकाशा समोर आला की आधी उत्तर शोधतो.
इथं उत्तर नव्हती,
आणि डावं होतं ते उजवीकडं छापलेलं.

तो सांगत गेला, मी मनात टिपण घेत गेलो.
मेंदूवरची साल, जाडी दोन-तीन मिलिमीटर.
उलगडली तर पेपरच्या एका पानाएवढी,
कवटीत मावावी म्हणून चुरगळून बसवलेली.
तीनातले दोन वाटे जमीन
खाचांच्या आत, वरून दिसत नाही.
तिचा सारा कोण भरतो, ते मी विचारलं नाही.

उशीला टेकतो त्या भागात दिसणं.
कानाशी ऐकणं.
कपाळामागं बेत, लाज, आवर.
आणि मधोमध, या कानाकडून त्या कानाकडं, एक नाली:
अलीकडच्या धुऱ्यावर हालचाल,
पलीकडच्यावर स्पर्श.
तिथंच अंगाची वाटणी झालेली,
पाठीला दोन गुंठे, मांडीला त्याहून कमी,
अंगठ्याला, ओठांना, जिभेला एकरांनी.
अशी फाळणी मी कुठल्या भावकीत पाहिली नाही.
जो बारीक काम करतो त्याच्या नावे जमीन!

मी रायवंताच्या बोटांकडं पाहिलं.
दिवसाला हजार विड्या, चाळीस वर्षं.
केवढं क्षेत्र असेल तिच्या अंगठ्याचं!
उजवा हात मांडीवर पडलेला,
एसटीत कुणी विसरून गेलेल्या पिशवीसारखा.
नुकसान डावीकडं, हात उजवा.
खातेदार एका गावचा, वावर नदीपल्याड.

तिला समजतं सगळं.
मी खोटं बोललो की भिवई अजून चढते.
पण पाणी म्हणता येत नाही, मीठ म्हणता येत नाही.
मोजता येतं.
एक, दोन, तीन, धडधडीत, न अडखळता पंचवीसपर्यंत.
कट्ट्यात विड्या पंचवीस.
तिथं थांबते,
आणि डावा अंगठा हवेत दोरा गुंडाळतो.
डॉक्टर म्हणाला, पाठ झालेलं दुसऱ्या वाटेनं येतं.
म्हणजे पांदण, मी म्हणालो.
नकाशात नाही, पण वहिवाट आहे.

आता तिचं सारं बोलणं त्या पांदणीनं.
उशी हवी असली तरी एकपासून निघते,
आवाज कुठं मऊ पडतो ते मी ऐकत राहतो.
शेजारच्या दुधरामची बकरी आत शिरली
तर बारा-तेरा खणखणीत.
एकोणीसला सूर चढला की समजावं
भाजीचं काहीतरी माझ्या हातून बिघडलं.

महिन्यानं पुन्हा गेलो. त्यानं चावी दाखवली,
कंगवा दाखवला, घड्याळ दाखवलं. हं. हं.
मग माझ्याकडं बोट करून,
बाई, हे कोण? यांचं नाव सांगा.
तिनं माझ्याकडं पाहिलं,
मान खाली घातली,
डाव्या हातानं पदर पुढं ओढला.
त्यानं लिहिलं: नाव सांगता येत नाही.

साहेब, ही नोंद खोडा.
चव्वेचाळीस वर्षांत तिनं माझं नाव घेतलेलं नाही.
हा धुरा झटक्याच्या आधीचा आहे.
पेन थांबलं.
मग कसं कळावं, तो म्हणाला,
येत नाही की घेत नाही?

साखळी टाकून भावाभावांत
वीतभर बांधाचे निकाल दिले मी.
पण ज्या बांधीत कधी पेरलंच नाही,
ती नापीक की नुसती पडीत,
हे मोजून सांगता येत नाही.
खोडलं त्यानं. पुढं काहीच लिहिलं नाही.

काल संध्याकाळी ओट्यावर
सूप मांडीवर घेऊन बसली होती, रिकामंच.
मोजत होती. तेवीस, चोवीस, पंचवीस.
दोरा गुंडाळला.
आणि थांबली नाही.
ओठ मिटले, उघडले. आवाज नाही.
परत मिटले.
मागं बकरी वालाच्या वेलाला लागलेली, कळत होतं मला.
मी उठलो नाही.